आजाराच्या भरात असलेल्या माणसाला पोलिसांनी कोठडीत ठेवावे का?

बहीण, इंदिरानगर

गेल्या पावसाळ्यात इथे नाशिकमध्ये माझ्या धाकट्या भावाला, जो अनेक वर्षे बायपोलर आजारासाठी लिथियम घेतो, पोलिसांनी रात्री एक वाजता घरातून नेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कोठडीत ठेवले. ११२ क्रमांकावर फोन मीच केला होता, कारण त्याने गोळ्या थांबवल्या होत्या, चार रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि शेजाऱ्यांच्या गाडीची काच फोडून तो त्यांच्या अंगावर धावून गेला होता. मी औषधांची फाईल पुढे केली, ती कोणी उघडली नाही. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली झोपेची गोळी द्यावी म्हणून विनवणी केली, तर आत असलेल्या माणसाला बाहेरचे काहीही देता येत नाही, असे उत्तर मिळाले. वैद्यकीय तपासणीत अंगावर जखमा आहेत का एवढेच पाहिले गेले. तो रात्रभर गजांवर हात आपटत होता, आणि त्या हातांची सूज मी दुसऱ्या दिवशी पाहिली.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या आजारी माणसाला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावे आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवू नये. उद्या २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर एखादा भांबावलेला, अनोळखी माणूस सापडला तर त्याला हे संरक्षण मिळेल; माझ्या भावाला मात्र नाव, घर आणि शेजाऱ्याची तक्रार असल्यामुळे ते मिळाले नाही, कारण कागदोपत्री ती ‘प्रतिबंधक कारवाई’, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून केलेली अटक, होती. माझे म्हणणे असे आहे की आजार समोर दिसत असताना पोलिसांनी आधी रुग्णालय गाठलेच पाहिजे, तक्रारीचे काय ते नंतर पाहावे.

निवृत्त हवालदार, पंचवटी

ताई, तुमचे दुःख मी नाकारत नाही, पण त्या रात्रीच्या पोलिसाच्या जागी उभे राहून पाहा. रात्रपाळीला ठाणे अंमलदार, एक पहाऱ्यावरचा आणि गस्तीवरची गाडी एवढेच बळ असते. नोकरीत मी अशा किमान दहा-बारा जणांना दवाखान्यात नेले असेल. तिथे बहुतेक वेळा सुई टोचून, मानसोपचारतज्ज्ञ सकाळी येतील, तोवर तुम्हीच थांबा असे सांगितले गेले. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, नाशिकला नाही. रात्री कसारा घाट उतरून माणूस ठाण्याला न्यायचा आणि वाटेत त्याने गाडीतून उडी मारली तर चौकशी आमची होते. गोळीचेही तसेच आहे. पाकिटात काय आहे हे मला कळत नाही, आणि कोठडीत माणूस दगावला तर ती गोळी कोणी दिली हा पहिला प्रश्न असतो. अशा रात्री चार भिंती त्याच्यासाठीही सुरक्षित असतात, असे मी अनुभवाने म्हणतो.

शेजारीण, सिडको

आमच्या इमारतीतल्या अशाच एका मुलाने माझ्या सासऱ्यांच्या डोक्यात कुंडी घातली आणि सहा टाके पडले. सगळेजण त्या मुलाच्या आजाराविषयी बोलत राहिले. सासऱ्यांना आजही जिन्यात एकटे उतरायची भीती वाटते, त्याविषयी कोणी विचारले नाही. तक्रार नंतर पाहू, असे तुम्ही सहज लिहून गेलात, म्हणून हे लिहिले.

वकील, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) परिसर

बहिणीच्या मांडणीत एक महत्त्वाची दुरुस्ती करावी लागेल. पोलिसांच्या कर्तव्याविषयीच्या, याच कायद्यातल्या कलम १०० चे दोन भाग आहेत. पहिला भाग भटकताना आढळलेल्या आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या माणसाविषयी आहे. दुसऱ्या भागात भटकण्याची अट नाही. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेली, ठाण्याच्या हद्दीतली कोणतीही व्यक्ती त्यात येते, म्हणजे तुमचा भाऊ घरात असूनही त्यात बसत होता. प्रतिबंधक अटकेचा उद्देश संभाव्य गुन्हा टाळणे हाच असतो आणि तो संरक्षणात घेऊनही साधतो. फरक इतकाच की अटकेत कोठडी चालते, संरक्षणात चालत नाही. केवळ आजारी असलेल्या, गुन्हा न केलेल्या माणसांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार व कार्यकर्त्या शीला बर्से यांच्या याचिकेवर १९९३ मध्येच सांगितले आहे.

सिडकोच्या ताईंची बाजू मात्र खरी आहे. रुग्णालयात नेल्याने तक्रार रद्द होत नाही, तिची नोंद त्याच रात्री झाली पाहिजे. वेडाच्या भरात, कृत्याचे स्वरूप न कळता केलेला गुन्हा हा बचाव न्यायालयात मांडायचा असतो, तो ठाण्यात ठरत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: आजारी माणसाला मोफत विधी सेवेचा हक्क आहे हे सांगणे त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे पोलिसांवरही बंधनकारक आहे.

स्वतः आजारी असलेला, सातपूर

मला स्किझोफ्रेनिया आहे आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात मी न्यायालयीन कोठडीत अडीच महिने काढले आहेत. माझे क्लोझापिन तिथे चार दिवस मिळाले नाही. दोन दिवसांहून अधिक खंड पडला की हे औषध पुन्हा अगदी लहान मात्रेपासून वाढवावे लागते, म्हणून चार दिवसांच्या खंडाने माझे पुढचे काही आठवडे गेले. बराकीतल्या एका वयस्क कैद्याने मला जेवायला उठवले नसते तर मी उठलो नसतो.

तरीही मी बहिणीशी पूर्ण सहमत नाही. आमच्या घरात ‘पोलिसांना बोलावू का?’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की वर्दी दिसली की माझा आजार दुप्पट होतो. ताई, तुम्ही हक्क, कलम, रुग्णालय सगळे लिहिले. बरा असताना भावाला काय हवे होते, हे कुठेच लिहिले नाही. आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती स्वतः नेमण्याचा हक्क त्याच कायद्यात आम्हाला दिलेला आहे.

निवृत्त हवालदार, पंचवटी

हे मला पटले. असा कागद केलात तर आपल्या हद्दीतल्या ठाण्यात दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर आवक शिक्का घेऊन ती घरी ठेवा. नुसता अंमलदाराच्या हातात दिलेला कागद पाळी बदलली की सापडत नाही. आजार, औषधे, डॉक्टरांचा क्रमांक आणि त्याच्याशी कसे बोलावे हे मोठ्या अक्षरात लिहा. फौजदार घडवणारी पोलीस अकादमी आपल्याच त्र्यंबक रस्त्यावर आहे; पण रात्री दोन वाजता तुमच्या दारात येतो तो बहुधा शिपाई, आणि मी शिपाई असताना मला यातले काहीही शिकवले गेले नव्हते.

बहीण, इंदिरानगर

सिडकोच्या ताई, तक्रारीविषयीचे माझे वाक्य चुकले, ते मी मागे घेते. सातपूरच्या दादांचा प्रतिसाद मी भावाला वाचून दाखवला. काल रात्री आम्ही कागद लिहायला बसलो. ‘मागून धरू नका, समोर येऊन नावाने हाक मारा’ ही पहिली ओळ त्याने स्वतः लिहिली, आणि आपल्या वतीने बोलण्यासाठी माझे नव्हे, मावसभावाचे नाव घातले. ११२ ला फोन कधी करायचा, या ओळीवर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही. ती जागा कोरी आहे.