मदत हवी आहे : भाऊ सगळं मनातच ठेवतो, त्याला बोलतं कसं करावं?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ इथेच सोलापुरात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वय १९. आमचं घर पूर्व भागात. त्याला दोन विषयांत एटीकेटी लागली आणि त्याच सुमारास वडिलांच्या कारखान्यातली यंत्रमागाची एक पाळी बंद झाली. तेव्हापासून तो ना चिडला, ना रडला. नातेवाईक म्हणतात, किती समजूतदार पोरगं! मला याच समजूतदारपणाची धास्ती वाटते.

भाकरी आमटीत कुस्करतो आणि दोन घास खाऊन उठतो. रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाइलचा उजेड भिंतीवर दिसतो. यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेलाही आला नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर, "काय नाही अक्का." जीव नकोसा वाटतो का, हेही मी थेट विचारलं, असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. तो "नाही" म्हणाला.

थोडं वाचन केलंय. ग्रॉस आणि जॉन या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात बहुतेक कॉलेजचीच मुलं होती. भावना बाहेर दिसू न देण्याची सवय असलेल्यांत आनंद कमी, जवळची नाती कमी आणि नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. प्रसंगाकडे वेगळ्या बाजूने बघणाऱ्यांचं बरोबर उलट. अर्थात, आधी मन खचलं म्हणून माणूस गप्प झाला की गप्प राहून खचला, हे त्यातून ठरत नाही. पण भाऊ अभ्यास करून सुटेल अशी एटीकेटी आणि त्याच्या हातात काहीच नसलेली बंद पाळी, दोन्ही सारखंच गिळतोय, हे मला रोज दिसतंय.

कॉलेजच्या समुपदेशकांकडे जायला तयार नाही, कारण "घरी फोन जाईल". २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, हे सांगून पाहिलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबरही दिलाय, तिथे मराठीत बोलता येतं. अजून लावलेला नाही.

ज्यांची मुलं किंवा भावंडं यातून गेलीत, त्यांनी कृपया सांगा : पहिल्यांदा तो बोलला तो कशामुळे? मी आणखी थांबू, की त्याला सोबत घेऊन सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जाऊ? आणि वडिलांना आत्ताच सांगावं का? ते स्वतःच खचलेत.