टेनोफोव्हिर बंद केल्यास कोरोनाचा धोका वाढतो का?

प्रश्न
नमस्कार. माझे वय ५४ असून अकरा वर्षांपासून मी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरील औषधे, घेत आहे. सध्या टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर यांची एकत्रित गोळी चालू आहे. व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आढळत नाही, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) सहाशेच्या वर आहे; मात्र मधुमेह आहे आणि मागील दोन तपासण्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) वाढलेले निघाल्याने केंद्रातील डॉक्टरांनी टेनोफोव्हिरऐवजी अबॅकॅव्हिर सुचवले आहे. टेनोफोव्हिर घेणाऱ्यांना कोरोना कमी झाला, असे स्पेनमधील एका अभ्यासात आढळल्याचे वाचनात आले. २०२१ मध्ये धाकटा भाऊ कोरोनाने गेला, त्यामुळे मन धजावत नाही. गोळी बदलू नका, असा आग्रह मी धरावा का?

उत्तर १
धरू नये, असे माझे मत आहे. त्या अभ्यासात एआरटी घेणाऱ्या ७७,५९० जणांची १ फेब्रुवारी ते १५ एप्रिल २०२० या काळातील नोंद होती आणि त्यांपैकी २३६ जणांना कोरोनाचे निदान झाले. दर दहा हजारांमागे हे प्रमाण टेनोफोव्हिर डिसोप्रॉक्सिल (टीएलडीतील टेनोफोव्हिरचा प्रकार) व एमट्रिसिटाबिन (लॅमिव्हुडिनसारखे औषध) घेणाऱ्यांत सुमारे १७, तर अबॅकॅव्हिर व लॅमिव्हुडिन घेणाऱ्यांत सुमारे २८ होते. परंतु कोणती गोळी कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. ज्यांची मूत्रपिंडे अशक्त, त्यांना डॉक्टर डिसोप्रॉक्सिल देण्याचे टाळतात. साहजिकच ते घेणाऱ्यांत मुळातच धडधाकट माणसे अधिक असतात. तुमची गोळी ज्या कारणाने बदलली जात आहे, नेमके तेच कारण या आकड्यांमागेही असू शकते.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांना अवश्य विचाराव्यात. डोलुटेग्रॅव्हिरमुळे मूत्रपिंडाला इजा न होताही क्रिएटिनिन थोडे वाढते, पण ती वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होऊन थांबते. म्हणून मूत्रपिंडाला खरोखर इजा आहे का हे पाहण्यासाठी लघवीतील प्रथिनांची तपासणी झाली आहे का? दुसरे असे की, अबॅकॅव्हिरचा संबंध हृदयविकाराशी आढळला आहे आणि तुम्हाला मधुमेह आहे. शिवाय ते सुरू केल्यावर ताप व पुरळ आल्यास ताबडतोब केंद्र गाठावे. ॲलर्जीचे निदान होऊन ते एकदा बंद केले, तर पुन्हा कधीही घेऊ नये.

उत्तर २
लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरचे उदाहरण आठवते. मार्च २०२० मध्ये जयपूरला कोरोना झालेल्या इटालियन दांपत्याला ही एचआयव्हीची औषधे दिली गेली, तेव्हा केवढी आशा निर्माण झाली होती! पुढे ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत चिठ्ठ्या टाकून गट पाडले गेले आणि दाखल रुग्णांना त्यांचा काहीच लाभ नसल्याचे दिसले.

उत्तर ३
मी समुपदेशक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातील अभ्यासात एचआयव्ही असलेल्यांना कोरोनाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट आढळला, आणि व्हायरल लोड दबलेल्यांतही तो दिसला. त्यामुळे आमचे कोणी निर्धास्त राहावे असे नाही. पण वय आणि अनियंत्रित मधुमेह यांचा भार त्याहून मोठा ठरतो. साखर आटोक्यात ठेवा, लस घ्या आणि गोळी बदलताना एकही डोस चुकवू नका.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. प्रथिनांची तपासणी झालेली नाही, असे आत्ता कागदपत्रे पाहताना लक्षात आले. मंगळवारी केंद्रात जाणार आहे. ती करून घेतो आणि अहवाल आल्यावरच अबॅकॅव्हिरविषयी बोलतो.