नमुना काढायचा तर आधी माप

ताई, दुसऱ्याची वाकळ बघून शिवता येते, पण स्वतःचा नमुना कागदावर मांडायला बसलं की अडतं, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते अडतं ते चित्रापाशी नाही, मायेपाशी, म्हणजे शिवणीत जाणाऱ्या जादा कापडापाशी.

४ इंचाचा चौकोन तयार दिसायला हवा असेल तर चारी बाजूंनी पाव इंच माया धरून कापड साडेचार इंच कापायचं, हे सगळ्यांना जमतं. गोंधळ त्रिकोणात होतो. दोन रंगांचे त्रिकोण जोडून तोच ४ इंची चौकोन करायचा, तर दोन्ही रंगांचे चौकोन ५ इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी कापून मग तिरके छेदायचे. तिरप्या बाजूलाही माया जाते ना! हे वाढीव माप नमुन्यात लिहिलं नाही, तर शिवणारी बाई तुमच्याच नावानं बोटं मोडणार.

कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण वापरणार असाल तर आणखी एक. त्याच्या नक्षीला दिशा असते. त्रिकोण फिरवले की निम्मी बुट्टी आडवी पडते. कुठला तुकडा कसा ठेवायचा ते बाणानं दाखवा.

आणि कर्नाटकातल्याच हल्याळकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायकांच्या वाकळी जरूर बघा. त्या कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं आत शिवत जातात, आलेख कागद नाही की काही नाही. तशी एक शिवून बघाच, रंगांची नजर तिथे तयार होते. मापाचा नमुना मात्र त्यातून काढायला जाऊ नका.

पहिला नमुना लहानच घ्या, पाळण्यातल्या दुपट्याएवढा.