मज्जारज्जू म्हणजे नुसती वायर?

सुमेधा_फिजिओ
काल 'सडेतोड' यांनी लिहिलं: "मेंदूचा फंक्शनल एमआरआय समजू शकतो. मज्जारज्जू ही तर वायर. वायरीत काय बघायचं, आणि त्यावर पैसा कशाला घालवायचा?" ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय. (फंक्शनल एमआरआय म्हणजे कोणता भाग काम करतोय ते रक्तातल्या बारीक फरकावरून दाखवणारा स्कॅन.)

तापल्या तव्याला बोट लागलं की भाजल्याचं मेंदूला कळायच्या आत हात मागे येतो. तो हुकूम मज्जारज्जूच सोडतो. 2009 मध्ये हॅम्बुर्गच्या फाल्क आयपर्ट आणि सहकाऱ्यांनी लोकांच्या हाताला चटके देऊन मानेतल्या रज्जूचा स्कॅन घेतला. दोन जागी तेच बिनऔषधी मलम लावलं, पण एक दुखणं थांबवणारं आहे असं सांगितलं. त्या जागी लोकांना कमी दुखलंच, शिवाय रज्जूच्या मागच्या शिंगातली (वेदनेचे संदेश जिथे येतात त्या शिंगासारख्या भागातली) हालचाल, म्हणजे चेतापेशींचं काम, तीही कमी दिसली. नुसत्या विश्वासाचा परिणाम तिथवर उतरतो. वायरीत हे होतं?

सडेतोड
माणसं किती होती? मोजकीच. मानेत रज्जू करंगळीएवढा, त्यातली शिंगं मिलिमीटरभराची. प्रत्येक ठोक्याला भोवतीचं पाणी हिंदकळतं, श्वास घेतला की चुंबकीय क्षेत्र बदलतं. माणसाच्या रज्जूवर हे 1996 पासून चाललंय. साध्या दवाखान्यात कुठे दिसतं? मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही याच तंत्राने 'हालचाल' दिसली होती, विसरलात?

टेस्ला_तीन
मशीन चालवणारा म्हणून सांगतो. मणक्याचं हाड आणि दोन मणक्यांमधली चकती यांच्या सीमेवर सिग्नल मरतो, त्यासाठी चित्राच्या प्रत्येक कापाला वेगळी दुरुस्ती द्यावी लागते. मानेचा स्कॅन चालू असताना पेशंटने आवंढा गिळला की चित्र गेलं. मी आधीच सांगतो, "काका, आता गिळून घ्या." एवढ्या हलत्या जागेत रक्तातला बारीक फरक शोधायचा, हे खरंच अवघड आहे. पण माशावरून मशीन खोटं ठरत नाही. चित्रातले हजारो ठिपके एकदम तपासले आणि गणिताची दुरुस्ती केली नाही, की काहीही उजळतं, हा त्याचा धडा. 2014 मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात 7 टेस्लाच्या, म्हणजे फार ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर माणूस निवांत पडलेला असतानाही दोन्ही बाजूंच्या शिंगांचे सिग्नल एकत्र चढउतार करताना सापडले.

माजघर
हे सगळं राहू द्या. आधी 'मणक्यात गॅप' बंद करा! माझ्या आईला डॉक्टरांनी "गॅप आलाय" सांगितलं. वर्षभर तिने घागर उचलली नाही, केर काढला नाही. रिपोर्टमध्ये होता चकतीचा थोडा फुगवटा.

टेस्ला_तीन
आणि चकती झिजली की दोन मणक्यांतलं अंतर उलट कमी होतं. गॅप कुठून आला?

सडेतोड
पेशंटला समजेल असं बोललं तर बिघडलं कुठे? 'डिजनरेशन' म्हटलं तर तो घरी जाऊन रडतो.

माजघर
समजेल असं? ती रात्री उठून पाठीवर हात फिरवून फट चाचपायची! एका शब्दाने बाई खाटेला खिळली आणि तुम्ही म्हणता बिघडलं कुठे!

सुमेधा_फिजिओ
माझ्याकडे रोज दोघं-तिघं 'गॅप' घेऊन येतात. पहिला महिना त्यांची भीती घालवण्यात जातो.

सुपारीबाग
माझा भाऊ झाडावरून पडला. कमरेखाली काही कळत नाही. डॉक्टर डोळे मिटायला सांगून टाचणी टोचतात, "कळतंय?" विचारतात. तो "नाही" म्हणतो, लिहिलं जातं 'नाही'. मेंदूपर्यंत पोचत नाही ते समजलं. पण जखमेच्या खाली रज्जू जिवंत आहे का, ते टाचणी सांगत नाही. कॅनडाच्या पॅट्रिक स्ट्रोमन यांनी 2004 मध्ये अशाच लोकांच्या पायाला गारवा दिला. ज्यांना काही जाणवत नव्हतं, त्यांच्याही रज्जूत जखमेखाली हालचाल दिसली. ही वायर नाही, साहेब.

सडेतोड
स्ट्रोमन यांची सिग्नल मोजायची रीत वादात आहे, हे नोंदवून ठेवतो. बाकी... ठीक. 'वायर' हा शब्द मागे घेतो. पैशाचा मुद्दा मात्र मागे घेत नाही.

सुपारीबाग
शब्द मागे घेतलात, पुरे. अशा अभ्यासाला माणसं हवी असली तर भाऊ जाईल.

माजघर
सुमेधाताई, आईला घागर उचलू देऊ का?

सुमेधा_फिजिओ
तपासल्याशिवाय हो म्हणणार नाही. पायात मुंग्या किंवा लघवीचा त्रास आहे का, ते आधी विचारा. नसेल तर तिला घेऊन या, अर्ध्या कळशीपासून बघू.