तातडीने मदत हवी: स्वाहिलीत भाषांतर कोण करून देईल?

नेरुळची_शुभदा: परवा सकाळच्या आत स्वाहिली भाषांतर हवंय. दोनच पानं आहेत. एक एजन्सी आठ दिवस मागते, दुसरी दरच सांगत नाही. शेवटी ॲपवर केलं, पण ते बरोबर आहे का कोण सांगणार?

अनंत_के: व्हिसासाठी असेल तर शिक्का मारलेलं, प्रमाणित भाषांतर लागतं. नोटरीचंही आधी विचारून घ्या.

कोकणी_मेवा: घाबरू नका, रोमन लिपी आहे आणि शब्द तर आपलेच. दावा म्हणजे औषध, दुका म्हणजे दुकान, चपाती म्हणजे चपातीच!

अनंत_के: शब्द ओळखीचे असले तरी व्याकरण बांटू, म्हणजे आफ्रिकेतल्या एका भाषाकुळाचं आहे. किताबु (पुस्तक) अरबीतून आला, पण त्याचं अनेकवचन विताबु होतं. ॲपवर सोडू नका.

कोकणी_मेवा: माझी पंपांची सगळी पत्रं ॲपवरच जातात. एकही अडलं नाही.

दारेसलाम_१२_वर्षं: ताई, देश कोणता? टांझानियातली प्रमाण भाषा झांझिबारच्या बोलीवर बेतलेली आहे, १९२८ च्या मोम्बासा परिषदेत तसं ठरलं. काँगोतली बरीच वेगळी पडते. आणि कागद कसला?

नेरुळची_शुभदा: टांझानिया, म्वान्झा. आमच्या खोल्यांवर उतरलेल्या पेशंटचा डिस्चार्ज पेपर आहे. पेशंटच्या मुलाचं इंग्रजी जेमतेम, आणि घरी गोळ्या देणार त्याची आई. सकाळी ८, रात्री ८ च्या गोळ्या 'साआ ८' अशा आल्यात.

दारेसलाम_१२_वर्षं: ते छापू नका! तिकडे तास सकाळी ६ पासून आणि पुन्हा संध्याकाळी ६ पासून मोजतात. ७ म्हणजे साआ मोजा, पहिला तास. आपले ८ म्हणजे साआ म्बिली, दुसरा तास. 'साआ ८' वाचून आई दुपारी २ आणि रात्री २ ला गोळी देईल. सकाळचं साआ २ असुबुही, रात्रीचं साआ २ उसिकु लिहा. शेजारी घड्याळ काढा, काटे दाखवून.

कोकणी_मेवा: हे मला माहीत नव्हतं. पंपांच्या पत्रात वेळ कधी आलीच नाही.

दारेसलाम_१२_वर्षं: नाव-पत्ता झाकून पानं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवा, आज रात्री बघतो. मग मुलाला ते मोठ्याने वाचायला लावा आणि कोणती गोळी कधी, हे त्याच्याच तोंडून ऐका. डोस मात्र डॉक्टरांकडूनच तपासून घ्या.

नेरुळची_शुभदा: पाठवली. एका गोळीपुढे 'जेवणाआधी' आहे, ॲपने 'बादा या कुला' केलंय. हे बरोबर ना?

दारेसलाम_१२_वर्षं: नाही, ते जेवणानंतर झालं. बादा म्हणजे आपलं 'बाद'. 'काब्ला या कुला' हवं. बाकीच्या ओळी वाचतोय, थांबा.