जोर काढायच्या लाकडी हत्त्यांची मूठ किती जाड ठेवावी? मदत हवी आहे

सुताराकडून हत्त्यांची नवी जोडी करून घेतोय. जमिनीवर तळवे टेकून जोर काढले की मनगट मागे वाकतं आणि अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखतो. डॉक्टरांना दाखवून झालंय. मनगट सरळ ठेवून व्यायाम चालू ठेवा म्हणाले. म्हणून हत्ते.

वय ५२, वजन ७२ किलो, पंजा मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साडेअठरा सेंमी. रोज वीस-वीसचे तीन फेरे.

आधी २५ मिमीच्या पाइपचे केले होते. तळव्यात नेमकी एकच रेघ रुतायची. मग त्यावरच फोम चढवून ४० मिमीपर्यंत नेलं, तर मूठ नीट मिटेना, अंगठ्यावर ताण वाढला आणि घामाने फोम गोल फिरायला लागला (एकदा हनुवटीच टेकली). सायकलच्या हँडलची टेप बरी वाटली, पण महिन्यात सुटली. जिममधला २८ मिमीचा बार उचलायला छान वाटतो; इथे मात्र भार वरून तळव्यावर येतो, त्यामुळे तेच माप चालेल असं वाटत नाही.

लाकूड सागाचं आहे. वॉर्निश नको, घामाने निसटतं. जवसाचं तेल लावणार आहे. तयार रबरी हत्ते सुचवू नका, उंची कमी पडते.

सुतार परवा लेथवर घेणार. मूठ ३२ ठेवू की ३५? आणि गोलच करू, की तळव्याकडची बाजू थोडी चपटी, अंडाकृती? कुणी वापरून पाहिलंय का?