डिस्टन्सने बीटेक करायचंय, कॉलेज चांगलं आहे की नाही ते ओळखायचं कसं?

चाकण_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी, मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, चाकणला एका ऑटो पार्टसच्या कंपनीत प्रॉडक्शनला आहे, तिन्ही शिफ्ट असतात. डिप्लोमा झाला तेव्हा घरची परिस्थिती अशी होती की डायरेक्ट सेकंड इयरला जाणं शक्यच नव्हतं, आणि आता कंपनीत वरच्या ग्रेडला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न डिग्री आहे का. भोसरीच्या एका कन्सल्टन्सीवाल्याने दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं डिस्टन्स बीटेक सुचवलंय, रविवारी क्लास, परीक्षा पुण्यातच, तीन वर्षांत डिग्री, फी हप्त्याने, आणि विद्यापीठ यूजीसी अप्रूव्हड आहे म्हणतो. आमच्या लाइनवरच्या दोघांनी पैसे भरले पण. मला नुसता कागद नकोय, मशीन डिझाइन, थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) हे खरंच शिकायचंय. तर अशा कॉलेजची क्वालिटी बघायची कशी, कुणी केलंय का?

सेवानिवृत्त_अभियंता
आधी पैसे भरू नकोस, मग पुढचं बोलू. यूजीसीने विद्यापीठाला मान्यता देणं वेगळं आणि त्या विद्यापीठाला तो कोर्स डिस्टन्सने चालवायची परवानगी असणं वेगळं, कन्सल्टन्सीवाले ह्या दोन गोष्टी एकत्र करून सांगतात. बीई-बीटेक डिस्टन्सने चालवायला परवानगीच नाही. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर असे कोर्स मुक्त आणि ऑनलाइन दोन्ही पद्धतींतून वगळलेत, त्यामुळे क्वालिटीचा प्रश्न येतो कुठे.

आणि हे कागदावरचेच नियम आहेत असं समजू नकोस. ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने चार अभिमत विद्यापीठांच्या पत्राचाराने दिलेल्या इंजिनिअरिंग डिग्र्यांवर निकाल दिला, उदयपूरचं जेआरएन राजस्थान विद्यापीठ, राजस्थानचंच आयएएसई, अलाहाबादचं कृषी संस्थान आणि तामिळनाडूचं विनायका मिशन्स. २००१ ते २००५ मधे प्रवेश घेतलेल्यांच्या डिग्र्या स्थगित केल्या, एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) परीक्षा पास झाले तरच परत, आणि तीही जास्तीत जास्त दोन प्रयत्नांत. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या तर सरळ रद्द. लोक तोपर्यंत सरकारी खात्यात डेप्युटी इंजिनिअर झालेले, त्या डिग्रीवर मिळालेले फायदे काढून घ्या असा आदेश होता (आधी मिळालेले पैसे मात्र वसूल करू नका म्हटलं). आमच्या खात्यातल्या एका सहकाऱ्याचं प्रमोशन अशाच एका डिग्रीवरून अडकलं, पन्नाशीत परत पुस्तकं काढून बसावं लागलं त्यांना, फार वाईट वाटायचं बघून. माणूस कामात हुशार होता, विद्यापीठाला परवानगी आहे का एवढंच कुणी तपासलं नव्हतं.

एएमआयईचंही कुणी सांगेल तुला, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ती परीक्षा आमच्या काळात फार मानाची होती आणि पास होणं खरंच अवघड होतं. पण केंद्राने ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच डिग्रीशी बरोबरी ठेवली. आता त्या भरवशावर राहू नको.

नागपूरची_एमसीए
काकांचं इंजिनिअरिंगबद्दल शंभर टक्के बरोबर पण त्यावरून डिस्टन्स म्हणजे सगळंच दुय्यम असं कुणी समजू नये म्हणून लिहितेय. मी लग्नानंतर, मुलगी लहान असताना इग्नूतून एमसीए केलं आणि आज त्याच डिग्रीवर नोकरी करतेय. एमसीए, एमबीए, बीसीए हे डिस्टन्सने रीतसर चालतं आणि मान्यता असलेल्या विद्यापीठाची ती डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची धरावी असं यूजीसीने २०२२ मधे पुन्हा स्पष्ट केलंय.

मी बघितलं ते असं, आधी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या विद्यापीठाचं नाव, त्याखाली माझा कोर्स, आणि माझ्या प्रवेशाचं वर्ष, तिन्ही जुळायला पाहिजे, नुसतं विद्यापीठ दिसलं म्हणजे झालं असं नाही. (आता प्रवेशाआधी त्याच ब्युरोचा डेब आयडी काढावा लागतो, तो विद्यार्थ्याने स्वतःच काढायचा, एजंटला ओटीपी देऊ नका.) मग जुने पेपर काढले पाच-सहा वर्षांचे. तेच तेच प्रश्न फिरून येत असतील तर शिकवण्यावर कुणाचं लक्ष नाही हे समजायचं. आणि असाइनमेंट तपासून परत येते का हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारलं, माझ्या येत होत्या, कुठे चुकलं ते लाल पेनने लिहून, त्याच्यामुळे डेटा स्ट्रक्चर मला खरं समजलं. माझ्या मैत्रिणीने एका खाजगी विद्यापीठाच्या सेंटरमधे घेतलं, नाव लिहीत नाही, तिथे असाइनमेंटची उत्तरं सेंटरवालेच झेरॉक्स करून वाटायचे. डिग्री मिळाली तिला, पण इंटरव्ह्यूमधे डेटाबेसमधून माहिती काढायची साधी क्वेरी लिहायला सांगितली तर जमेना. इतकी मेहनती मुलगी, तिची ती वर्षं वाया गेली याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाचं सेंटर आपल्याकडे असेल तरी सावध राहा, मुक्त पद्धतीत राज्याच्या विद्यापीठाला स्वतःच्या हद्दीबाहेर सेंटर काढता येत नाही आणि फ्रँचायझीवर तर कुणालाच नाही.

सॉफ्टवेअर-डेटाकडे वळायचं असेल तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन डिग्री, डेटा सायन्सचं बीएस बघ, २०२० ला सुरू झालं. जेईई लागत नाही, पण आधी चार आठवडे शिकून क्वालिफायर द्यावी लागते, परीक्षा सेंटरवर जाऊन, आणि मधे सोडलं तरी सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा मिळतो. ते बीटेक नाही हे मात्र लक्षात ठेव.

पॉली_लेक्चरर
मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवतो म्हणून लॅबबद्दल बोलतो. कोडिंग घरी लॅपटॉपवर होतं, पण यूटीएमवर (धातूची ताकद मोजायचं मशीन) रॉड तुटेपर्यंत ओढून तो ग्राफ स्वतः काढल्याशिवाय यील्ड पॉइंट म्हणजे काय हे हाताला कळत नाही, इंजिन टेस्ट रिगवर हीट बॅलन्स शीट (इंधनाची उष्णता कुठे किती गेली त्याचा हिशेब) काढली नाही तर थर्मो नुसतं सूत्रांचं पाठांतर होतं, आणि रविवारच्या क्लासमधे जर्नल उतरवून घेतलं म्हणजे प्रॅक्टिकल झालं असं होत नाही. आयआयटी मद्रासचंच इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्सचं बीएस बघा, शिकवणं ऑनलाइन आहे तरी लॅबसाठी चेन्नईला बोलावतात. ज्यांना शिकवायचंय ते लॅब सोडत नाहीत.

आता तुझ्यासाठी मुद्द्याचं. एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठी बीई-बीटेक सुरू केलंय, मान्यताप्राप्त कॉलेजातच, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी वर्ग, डायरेक्ट सेकंड इयरसारखा प्रवेश. किमान एक वर्षाचा फुलटाइम अनुभव लागतो आणि कॉलेज कामाच्या किंवा राहण्याच्या ठिकाणापासून ठरवून दिलेल्या अंतराच्या आत पाहिजे, चाकणहून पुणे-पिंपरी आरामात बसतं. हे डिस्टन्स नाही, रीतसर डिग्री आहे.

पण इथेही डोळे मिटून घेऊ नकोस. काही ठिकाणी वर्ग कागदावरच भरतो. अ‍ॅडमिशनच्या आधी एखाद्या संध्याकाळी सातला स्वतः जाऊन बघ, लॅब उघडी आहे का, लॅब असिस्टंट थांबलाय का, शिकवायला तिथलेच प्राध्यापक आहेत की तासावरची माणसं. सेकंड इयरच्या कुणालाही बाजूला घेऊन विचार, मागच्या सेमला किती प्रॅक्टिकल झाली. ऑफिसात विचारलंस तर सगळं छानच सांगतील.

चाकण_मेकॅनिकल
खूप आभार सगळ्यांचे, मी तर हप्त्याचा फॉर्म भरायला निघालो होतो. लाइनवरच्या त्या दोघांना पण हे दाखवतो, त्यांचे पैसे परत मिळतील का? आणि माझी सेकंड शिफ्ट आली की संध्याकाळचा वर्ग कसा करायचा?

सेवानिवृत्त_अभियंता
त्या दोघांना म्हणावं पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, जाहिरातीचं पत्रक सगळं जपून ठेवा. आधी कन्सल्टन्सीला लेखी पत्र देऊन पैसे मागा आणि परवानगीची प्रत मागा, बीटेक डिस्टन्सने असं लिहिलेली प्रत त्यांना देताच येणार नाही. टाळाटाळ केली तर कन्सल्टन्सीविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्याला वकील असलाच पाहिजे असं नाही.

पॉली_लेक्चरर
शिफ्टचं फॉर्म भरायच्या आधी मिटव, नंतर नाही. अनुभवाचं पत्र आणि एनओसीसाठी एचआरकडे जाशीलच, तेव्हाच वर्गाच्या दिवशी फर्स्ट किंवा जनरल शिफ्ट मिळेल असं लेखी घे, निदान सुपरवायझरचा मेल तरी. माझ्या ओळखीचा एक चांगला मुलगा हजेरी कमी पडली म्हणून एक सेम मागे पडला. आणि एम-थ्रीची (सेकंड इयरचं गणित) तयारी आजपासून कर, डिप्लोमावाले बहुतेक तिथेच अडकतात, एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन पोर्टलवर इंजिनिअरिंग मॅथ्सची लेक्चर्स फुकट आहेत, लाप्लासपासून सुरू कर.